लोकल फंडाचा एक आणा

1863 पासून मुंबई इलाख्यातल्या शेतकऱ्याच्या साऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा बसू लागला. या जादा पट्टीला लोकल फंड म्हणत. बार्टल फ्रियर तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्यामुळे आण्याचा बोजा सुरुवातीला फारसा जाणवला नाही. 1865 मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, पण आणा राहिला आणि 1869 च्या कायद्याने तो कायमचा झाला. हा पैसा मुंबईच्या तिजोरीत न जाता जिल्ह्यातच खर्चायचा होता. त्यातले दोन हिस्से रस्त्यांसाठी आणि एक हिस्सा शाळांसाठी, म्हणजे आण्याच्या बारा पैंपैकी आठ पै रस्त्याला आणि चार पै शाळेला, अशी वाटणी होती. ग्रामीण भागातला स्थानिक कर कशावर खर्चायचा, हा वाद आपल्याकडे तेव्हापासून चालू आहे. त्या इतिहासातून मला एक गोष्ट ठळक दिसते. खर्चाची वाटणी आधीच बांधून ठेवली की दुबळ्या बाबीला आधार मिळतो हे खरं. पण कर भरणारा आणि गरजवंत जर निर्णयाच्या बैठकीत नसतील, तर तो आधार त्यांच्या दारापर्यंत पोचत नाही.

बैठकीत कोण होतं ते जिल्ह्याजिल्ह्यांच्या जुन्या गॅझेटियरांत नोंदलेलं आहे. जिल्हा कमिटीत कलेक्टर, त्यांचे असिस्टंट आणि डेप्युटी कलेक्टर, एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर आणि शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर हे सरकारी सभासद असत. बिनसरकारी म्हणून एक इनामी गावचा मालक आणि सहा जमीनदार. तालुका कमिटीचा घाटही तोच. तिथे मामलेदार आणि बांधकाम खात्याचा अधिकारी वगैरेंच्या समोर एक इनामदार आणि तीन जमीनदार. निवडून आलेला एकही नाही. कलेक्टरसाहेब अध्यक्षस्थानी असताना त्यांच्या मर्जीने नेमलेल्या जमीनदाराने आपल्या शिवारातल्या ओढ्यावर मोरी हवी म्हणून हट्ट धरावा, ही अपेक्षाच करता येत नाही. त्याच गॅझेटियरांत लोकल फंडाच्या कामांचा जमाखर्चही एका ठरावीक साच्यात दिलेला असतो: दळणवळणासाठी इतके मैल रस्ते, पूल आणि दुतर्फा झाडं, पाण्यासाठी इतक्या विहिरी आणि तलाव, शिक्षणासाठी इतक्या शाळा, प्रवाशांसाठी इतक्या धर्मशाळा, शिवाय दवाखाने, कोंडवाडे आणि चावड्या. ही यादी मोठी आहे आणि तिला कमी लेखणं अन्याय होईल. आज आपण ज्या रस्त्यांवरच्या वडा-चिंचांच्या सावलीचं कौतुक करतो, त्यांतली कितीतरी झाडं या पैशातून लागली. मात्र याच यादीतला कोंडवाडा शेतकऱ्याच्याच गुरांसाठी होता आणि त्याच्या दंडाची रक्कमही पुन्हा लोकल फंडातच जमा होत असे.

शाळेच्या चार पैंचं काय झालं, हे विचारणारा सगळ्यांत रोखठोक माणूस जोतीराव फुले. 19 ऑक्टोबर 1882 रोजी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी मांडलं की सरकारचा बहुतेक महसूल रयतेच्या घामातून येतो, वरच्या आणि श्रीमंत वर्गांकडून तिजोरीत फारसं काही पडत नाही, आणि तरीही शिक्षणाचा लाभ मुख्यतः वरच्यांनाच मिळतो. इलाख्यातल्या दहापैकी जवळजवळ नऊ गावांत, सुमारे दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नसल्याचं सांगितलं जातं, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा आणि शिक्षक शेतकरी वर्गातूनही तयार करा, ही त्यांची मागणी होती. हंटर कमिशनने पुढे शिफारस केली की स्थानिक निधीतल्या शिक्षणाच्या हिश्श्यावर जवळजवळ पूर्ण हक्क प्राथमिक शिक्षणाचाच मानावा. म्हणजे चार पैंची चौकट निरुपयोगी नव्हती. ती नसती तर तंगीच्या वर्षी शाळेचा पैसा पहिल्यांदा रस्त्याकडे वळला असता, असं मला वाटतं. पण दहातल्या कोणत्या एका गावाला शाळा द्यायची, हे ठरवणारा माणूस उरलेल्या नऊ गावांना उत्तर द्यायला बांधील नव्हता.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की रस्ते शेतकऱ्याच्याच उपयोगाचे होते. गाडीवाट सुधारली की माल बाजारपेठेत वेळेवर जातो, भाव बरा मिळतो. हे मान्यच करायला हवं. पण कोणता रस्ता आधी, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. कचेरी ते कचेरी जाणारा रस्ता आणि वाडीतून आठवडी बाजाराला जाणारी वाट यांत इंजिनिअरला पहिला जवळचा वाटणार, शेतकऱ्याला दुसरी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गावकऱ्यांच्या हाती कारभार दिला तर तो गावातल्या बड्या धेंडांच्या हाती जाईल, त्यापेक्षा परका पण तटस्थ अधिकारी बरा. पुढचा अनुभव या आक्षेपाला बळच देतो. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या स्थानिक स्वराज्यावरच्या 18 मे 1882 च्या ठरावानंतर 1884 च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली. सुमारे निम्म्या जागा निवडणुकीच्या झाल्या, पण मताचा हक्क मालमत्तेवर आणि साऱ्यावर ठरत असल्यामुळे निवडून आले ते जमीनदार आणि वकीलच. अध्यक्षपदही बराच काळ कलेक्टरकडेच राहिलं.

या दुसऱ्या आक्षेपाची खरी परीक्षा लोकल बोर्डांच्या विहिरींवर झाली. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नसत. धर्मशाळेत उतरू देत नसत. शाळेत मुलांना बाहेर किंवा वेगळं बसवत. सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ऑगस्ट 1923 मध्ये ठराव मंजूर करून घेतला की सरकारी किंवा सार्वजनिक पैशावर चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. बोर्डांनी आणि नगरपालिकांनी टाळाटाळ केली, तेव्हा 1926 मध्ये बोले यांनी दुसरा ठराव आणला: जे हे अमलात आणणार नाहीत त्यांचं अनुदान रोखा. महाड नगरपालिकेने चवदार तळं कागदोपत्री खुलं केलं होतं, तरी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह तिथे जाऊन पाणी प्यावं लागलं. स्थानिक सत्ता आपोआप न्यायी होत नाही, एवढं यावरून निर्विवाद ठरतं. पण म्हणून अधिकारीच बरे, हा निष्कर्ष निघत नाही. लोकल फंडाच्या विहिरी कलेक्टरांच्या कमिट्यांच्या काळातही खोदल्या गेल्या होत्या, आणि त्या कोणासाठी आहेत हा प्रश्न त्या कमिट्यांनी धसाला लावला नाही. तो ऐरणीवर आला, तो कौन्सिलात एक सभासद उभा राहिला आणि ज्यांचं पाणी अडवलं होतं ती माणसं स्वतः चालत तळ्यावर गेली तेव्हा. बड्या धेंडांच्या भीतीवरचा इलाज बैठक आणखी खुली करणं हाच आहे.

शिक्षणाच्या बाबतीतही बैठक अशी हळूहळूच खुली झाली. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या प्राथमिक शिक्षण विधेयकात स्थानिक संस्थांना शिक्षणपट्टी बसवण्याची मुभा होती; मार्च 1912 मध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळलं गेलं, त्यात सरकारी सभासदांचा वाटा मोठा होता. 1923 मध्ये मुंबई इलाख्यात प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपवला गेला. 1 मे 1962 ला लोकल बोर्डांची जागा जिल्हा परिषदांनी घेतली आणि साऱ्यावरचा उपकर त्यांच्याकडे आला. पुढे 73 व्या घटनादुरुस्तीने दलित, आदिवासी आणि स्त्रियांना राखीव जागा दिल्या, आणि महाराष्ट्राने 2011 मध्ये स्त्रियांच्या जागा निम्म्या केल्या. लोकल फंड कमिटीतल्या एक इनामदार आणि सहा जमीनदारांपासून इथपर्यंत यायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली.

आठ पै आणि चार पैंची ती वाटणी आज नव्या आकड्यांत चालू आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, 40 टक्के गावाने ठरवायचा. तो बांधलेला भाग मला योग्य वाटतो. पाण्याचा पैसा सिमेंटच्या कमानीत जाण्यापासून तो वाचवतो. पण नळ आधी कोणत्या वस्तीला द्यायचा हे तिथे लिहिलेलं नाही. ते गावच्या आराखड्यात लिहिलं जातं आणि तो आराखडा ग्रामसभेपुढे येतो. त्या सभेला जा, वस्तीतल्या बायकांनाही सोबत न्या, आणि कामांची यादी मोठ्याने वाचून झाल्याशिवाय सही करू नका.