वऱ्हाडांतील जीन-कारखाने आणि ‘कारखाना’ शब्दाचें लक्षण

अमरावती व अकोला जिल्ह्यांत जुनीं दप्तरें धुंडाळणारे बहुधा सनदा, महजर व वतनाचे कागद पाहतात. जीन-प्रेसच्या वह्यांकडे त्यांचें लक्ष जात नाहीं. त्या वह्या इतिहासाचें साधन कां आहेत, हें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

धोक्याच्या यंत्रास आडोसा करावा व अपघाताची वर्दी द्यावी, ही मालकाची जबाबदारी हिंदुस्थानांत १८८१ च्या फॅक्टरी कायद्यानें ठरविली. परंतु जेथें शंभर माणसें कामास असून वर्षांतून निदान चार महिने यंत्रबळानें काम चालतें तोच ‘कारखाना’, असें त्यांत लक्षण होतें. १८९१ सालीं शंभरांचे पन्नास झाले. महिन्यांची अट राहिली. नैयायिक ज्यास अव्याप्ति म्हणतात, तो दोष येथें उघड आहे. रुई व सरकी वेगळी करण्याचें काम हंगामी. ज्या जिनाचा हंगाम चार महिन्यांच्या आंत आटोपे, तेथें फिरता पट्टा तोच, धोकाही तोच. पण कायद्याच्या दृष्टीनें तो कारखानाच नव्हे! ही उणीव १९११ च्या कायद्यानें दूर केली.

आणखी असें कीं, वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखालीं असलें तरी मुलूख निजामाचा. म्हणून ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथें आपोआप लागू होत नसत, ते निराळ्या हुकमानें लागू करावे लागत. बाजाराची निकड मात्र लौकर ओळखली गेली. कापूस व धान्य यांच्या बाजारांसाठीं वऱ्हाडास १८९७ सालींच स्वतंत्र कायदा मिळाला. तोच कापूस अल्पकाळ चालणाऱ्या जिनांत रेच्यावर घालणारीस कायद्याचा आधार मिळण्यास आणखी चौदा वर्षें लागलीं.

पुढें १ जुलै १९२४ पासून कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा अमलांत आला, आणि दुखापतीची किंमत मालकाच्या हिशेबांत आली. १९४८ च्या कायद्यानें तर कापसाच्या प्रेसमध्यें ओपनर यंत्र चालू असलेल्या भागांत स्त्रिया व मुलें यांस कामास ठेवण्याची मनाई केली. मध्यें छतापर्यंत, अथवा तपासनीस ठरवील तितक्या उंचीची, भिंत असेल तरच कापूस घालण्याच्या बाजूस मुभा दिली.

सारांश, १९११ पूर्वीं अशा लहान जिनांत कोणाचा हात गेला असल्यास तपासनिसाच्या अहवालांत त्याचा शोध व्यर्थ होय. नोंद असलीच तर ती मालकाच्या कीर्द-खतावणींत, एखाद्या किरकोळ खर्चाच्या ओळींत असावयाची. जुनें जीन मोडतांना अशा वह्या रद्दींत जातात. संग्राहकांनीं त्या उचलाव्या, गांव व साल टिपून ठेवावें, आणि मोडी वाचून त्या ओळी प्रसिद्ध कराव्या, अशी आमची विनंती आहे.