काळ्या पाषाणाचा जांभा

रत्नागिरीच्या सड्यावर पसरलेला तांबडा, सच्छिद्र जांभा हा मुळांत काळा कातळ होता, हें सहसा कोणास खरें वाटत नाहीं. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण बनला. निवतांना त्यास तडे गेले व त्यांतून पावसाचें पाणी आंत शिरलें. हवेंतील कर्बाम्लवायु विरघळल्यानें हें पाणी किंचित् आम्ल असतें; तें खडकांतील खनिजें हळूहळू कुजवितें. सह्याद्रीच्या पूर्वेस पाऊस थोडा. तेथें या पाषाणाची काळी, कसदार माती झाली. कोंकणांतील उदंड पावसानें मात्र त्यांतील चुना व सिलिका धुवून नेली. मागें लोह व अ‍ॅल्युमिनियम उरलीं आणि लोहाच्या गंजानें दगड तांबडा झाला.

असाच दगड फ्रान्सिस बुकॅनन यानें मलबारांत पाहिला. खाणींत तो मऊ असतो, हवेंत कठीण होतो. म्हणून १८०७ सालच्या आपल्या प्रवासवृत्तांत त्यानें विटेच्या लॅटिन नांवावरून त्यास ‘लॅटराइट’ म्हटलें. पाथरवटांस हा गुण पूर्वींच ठाऊक होता. जुन्या गोव्यांतील बॉम जेझूचें चर्च १६०५ सालीं जांभ्यांतच पुरें झालें.

कोंकणच्या सड्यांवर प्राचीन मानवानें कोरलेलीं कातळशिल्पें २०२२ सालीं युनेस्कोच्या संभाव्य वारसा-यादींत आलीं. चिरेखाण त्यांच्या उशाशीं येते तेव्हां एवढें ध्यानांत असावें: पावसानें लक्षावधि वर्षें घडविलेलें पान एका दिवसांत फाटतें.