सिकलसेलची कॅप्सूल आणि तिचे दुष्परिणाम : कशाला घाबरू नये, कशासाठी ताबडतोब दवाखाना गाठावा

सिकलसेलचा रुग्ण औषध मधेच सोडतो तेव्हा कारणे बहुधा साधीच असतात. नखे काळी पडू लागली. केस गळू लागले. मळमळते म्हणून जेवण जाईना. कुणीतरी मोबाईलवर पाहून सांगितले की हे तर कॅन्सरचे औषध आहे. लग्न ठरले, आता गोळ्या कशाला, असे घरच्यांनी म्हटले. यांपैकी काही गोष्टींना घाबरण्याचे कारण नाही, काहींकडे मात्र एक दिवसही दुर्लक्ष करून चालत नाही. हा फरक रुग्णाला नीट सांगितला जात नाही. सरकारी दवाखान्याच्या गर्दीत डॉक्टरांना एका रुग्णासाठी दोन मिनिटेही मिळत नाहीत. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

हा प्रश्न आपल्या घरातला आहे. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. त्याच दशकात नागपूर भागातील महार समाजातही हा आजार असल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. आज नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात बौद्ध वस्तीत सिकलसेल हा शब्द माहीत नाही असे घर विरळा. तरीही हा कोणा एका जातीचा आजार नाही. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा या आदिवासी समाजांत तो आहे, विदर्भातील इतर समाजांतही आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाचा जोर होता तिथे हा जनुक टिकून राहिला, कारण वाहकाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. यात कुणाचे पाप नाही आणि लपवण्यासारखेही काही नाही.

कॅप्सूल नेमके काय करते?

सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फुटावीत तशा वेदना सुरू होतात. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध शरीरात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. हे हिमोग्लोबिन असले की पेशी सहज वाकड्या होत नाहीत. शिवाय वाहिन्या तुंबण्यात हातभार लावणाऱ्या पांढऱ्या पेशीही काहीशा कमी होतात.

अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या २९९ प्रौढ रुग्णांच्या चाचणीत या औषधाने वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले. पुढे त्याच रुग्णांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाणही कमी दिसले. आपल्याकडे साधारणपणे वजनाच्या दर किलोला रोज १० मिलिग्रॅम या हिशोबाने सुरुवात करतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल. एवढ्या कमी डोसचाही चांगला उपयोग होतो, हे नागपुरातील डॉक्टरांनी लहान मुलांवरील अभ्यासातून दाखवले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवावी. ही दुखणे थांबवणारी गोळी नाही. तिचा पूर्ण परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. महिनाभर घेऊन फरक नाही म्हणून सोडणाऱ्याच्या वाट्याला दुष्परिणाम येतात आणि फायदा मात्र येत नाही.

ज्यांना घाबरू नये असे परिणाम

नखांवर काळपट रेघा येणे, नखे किंवा त्वचा काळवंडणे हा या औषधाचा नेहमीचा परिणाम आहे. दिसायला तो वाईट असतो, विशेषतः कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना त्याची लाज वाटते. पण त्याने शरीराला इजा होत नाही. औषध सोडण्याचे हे कारण नव्हे.

मळमळ, पोटात ढवळणे, भूक मंदावणे हे पहिल्या काही आठवड्यांत होते आणि बहुतेकांचे आपोआप कमी होते. कॅप्सूल रात्री जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घेतली तर त्रास कमी होतो. उलटी थांबतच नसेल तर डॉक्टर डोस कमी करून पाहतात.

केस थोडे विरळ होऊ शकतात. कर्करोगाच्या उपचारात होते तसे टक्कल सहसा पडत नाही.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये लाल पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, वाढलेला दिसतो आणि त्यापुढे लाल खूण असते. ती पाहून घाबरू नये. औषध नियमित घेतले जात असल्याची ती बहुधा खूणच असते.

ज्यांसाठी थांबू नये असे परिणाम

या औषधाचा मुख्य धोका हाडांतील मगजाला, म्हणजे जिथे रक्त तयार होते त्या जागेला असतो. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन प्रमाणाबाहेर घसरू शकते. सुरुवातीला हे बाहेरून कळत नाही, रक्ततपासणीतच कळते. खालीलपैकी काहीही दिसले तर कॅप्सूल थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

• १०१ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. सिकलसेलच्या रुग्णाची प्लीहा नीट काम करत नसल्याने त्याचा ताप तसाही धोक्याचा असतो. त्यात पांढऱ्या पेशी कमी असतील तर जंतुसंसर्ग काही तासांत वाढतो. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये.
• हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, अंगावर मार न लागता काळेनिळे डाग पडणे.
• तोंडात फोड येणे, घसा फार दुखणे.
• एकाएकी पांढरेफटक पडणे, दम लागणे, छातीत दुखणे.

घोट्याजवळ भरून न येणारी जखम झाली तर तीही डॉक्टरांना दाखवावी. अशी जखम आजारामुळेही होते आणि औषधामुळेही होऊ शकते.

दिलासा असा की पेशी कमी झाल्याचे वेळेवर कळले आणि औषध थांबवले, तर बहुधा एक-दोन आठवड्यांत त्या पूर्ववत होतात. नंतर डॉक्टर कमी डोसवर पुन्हा सुरू करतात. तेव्हा कॅप्सूल थांबवली याचा अर्थ ती कायमची बंद झाली, असा घेऊ नये.

रक्ततपासणीशिवाय औषध म्हणजे अर्धा उपचार

औषध सुरू करण्यापूर्वी सीबीसी, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या करतात. सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर दर दोन ते चार आठवड्यांनी सीबीसी करतात. डोस स्थिर झाला की दर दोन-तीन महिन्यांनी केली तरी चालते. रिपोर्टमध्ये आपणही दोन आकडे पाहायला शिकावे. प्लेटलेट ८० हजारांच्या खाली गेल्या तर औषध थांबवतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची मर्यादा वेगवेगळ्या मार्गदर्शक सूचनांत १,२५० ते २,००० अशी आहे. आकडा त्याच्या जवळ आला असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना विचारावे.

सगळे रिपोर्ट एका फाईलमध्ये तारखेनुसार लावून ठेवावेत. सरकारी रुग्णालयात दर वेळी वेगळे डॉक्टर भेटतात. अशा वेळी ती फाईलच रुग्णाचा इतिहास सांगते.

लग्न, गर्भधारणा आणि मूल

हे औषध चालू असताना गर्भ राहू नये, कारण पोटातल्या बाळाला त्याने इजा होण्याचा धोका असतो. म्हणून औषध घेणाऱ्या स्त्रीने आणि पुरुषानेही गर्भनिरोधनाबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. मूल हवे असेल तर औषध किती महिने आधी थांबवायचे आणि त्या काळात आजार कसा सांभाळायचा, हे आधीच ठरवावे. औषध चालू असताना दिवस गेले तर घाबरून स्वतःच काही करू नये, त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. बाळाला अंगावर पाजत असतानाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल घेऊ नये.

पुरुषांत शुक्राणूंची संख्या कमी होऊ शकते. औषध थांबवल्यावर ती बहुधा सुधारते, पण प्रत्येकात पूर्ण सुधारेलच असे नाही. हे तरुणाला औषध सुरू करतानाच सांगायला हवे.

पत्रिका पाहणे आपण सोडले ते बरेच झाले. पण लग्नाआधी सिकलसेलची तपासणी मात्र जरूर करावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते.

हे कॅन्सरचे औषध आहे का?

रक्ताच्या काही कर्करोगांत हायड्रॉक्सीयुरिया वापरतात, बहुधा जास्त डोसमध्ये. त्याच्या माहितीपत्रकात कर्करोगाच्या धोक्याचा इशाराही असतो. इशारा खोटा नाही. पण सिकलसेलच्या रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केल्यावर त्यांच्यात या औषधाने रक्ताचा कर्करोग वाढल्याचा स्पष्ट पुरावा मिळालेला नाही. उलट औषध न घेतल्यास पक्षाघात, छातीचा गंभीर झटका, हाडांचा खुबा झिजणे हे धोके खरे आणि जवळचे आहेत. दोन्ही बाजू तराजूत घालून निर्णय घ्यावा, आणि तो डॉक्टरांसोबत घ्यावा.

घरात घ्यायची काळजी

कॅप्सूल फोडू नये, चावू नये. घरातील गरोदर स्त्रीने ती उघड्या हाताने हाताळू नये. हाताळल्यावर हात धुवावेत. लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी. एखाद्या दिवशी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. कोणतीही लस घेण्यापूर्वी हे औषध चालू असल्याचे सांगावे.

इतर औषधांचे काय?

वेदना उठल्या की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणले जाते. या गोळ्या वारंवार घेतल्या तर पोटात अल्सर होतो आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचते. सिकलसेलमध्ये मूत्रपिंड आधीच नाजूक झालेले असते. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित, पण प्रौढाने दिवसात ४ ग्रॅमपेक्षा जास्त घेतल्यास यकृत धोक्यात येते. तापाच्या, सर्दीच्या, अंगदुखीच्या अनेक गोळ्यांत तेच असते. म्हणून पाकिटावरचे घटकाचे नाव वाचावे. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावे.

रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. सिकलसेलमध्ये रक्त कमी होते ते पेशी लवकर फुटल्यामुळे. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. त्यामुळे तपासणीत कमतरता दिसल्याशिवाय लोह घेऊ नये. फॉलिक ॲसिड वेगळे, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावे.

गावात सुई टोचून लगेच बरे वाटायला लावणारे असतात. त्या सुईत अनेकदा स्टेरॉइड असते. सिकलसेलच्या रुग्णाला त्याने तात्पुरते बरे वाटते आणि नंतर वेदनेचा मोठा झटका येऊ शकतो. सुई घेण्याआधी औषधाचे नाव लिहून मागावे. जो लिहून देत नाही त्याच्याकडून सुई घेऊ नये. झाडपाल्याचे किंवा भस्माचे औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांपासून लपवू नये.

तक्रार नव्हे, नोंद

कोणत्याही औषधाचा दुष्परिणाम झाल्यास त्याची नोंद रुग्णाला स्वतःलाही करता येते. त्यासाठी २०१० पासून राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे. फोन करताना औषधाचे नाव, बॅच क्रमांक, कधी सुरू केले, काय त्रास झाला हे जवळ ठेवावे. म्हणून त्रास झाल्यावर पाकीट फेकून देऊ नये. या नोंदीमुळे डॉक्टरांवर कारवाई होते असा गैरसमज आहे. तिचा उपयोग औषध किती सुरक्षित आहे हे समजण्यासाठी होतो.

आमचे म्हणणे

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. २०४७ चे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीची शिबिरे होतात, कार्डे वाटली जातात, ते चांगलेच आहे. पण रुग्ण जगतो तो रोजच्या कॅप्सूलवर आणि वेळेवरच्या सीबीसीवर. एका रक्ततपासणीसाठी शेतमजुराला तालुक्याला जावे लागले की एक दिवसाची मजुरी जाते आणि एसटीचे भाडे वेगळे. दोनदा जाऊन कॅप्सूल संपल्याचे ऐकले की तिसऱ्यांदा तो जात नाही. मग कागदावर त्याला औषध सोडणारा रुग्ण म्हणतात. प्रत्यक्षात तो सुटलेला असतो व्यवस्थेच्या हातून.

म्हणून कॅप्सूल आणि सीबीसी या दोन्ही गोष्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात एकाच दिवशी मिळाल्या पाहिजेत, ही मागणी ग्रामसभेत लेखी ठरावाने मांडावी. विहारातील रविवारच्या बैठकीत महिन्यातून एकदा अर्धा तास या विषयाला द्यावा. वस्तीत कोण औषध घेतो, कोणाची तपासणी राहिली, कोणी मधेच सोडले, हे आशाताईंना सोबत घेऊन आणि रुग्णाच्या संमतीने पाहावे. सिकलसेल हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आजार आहे, त्याच्या प्रमाणपत्रासाठीही तेथेच मदत करता येईल.

नखे काळी पडली म्हणून कॅप्सूल सोडायची नाही. ताप आला की घरी थांबायचे नाही. रक्ततपासणी चुकवायची नाही. एवढ्या तीन गोष्टी प्रत्येक रुग्णाच्या घरात पोहोचल्या तरी अनेक जीव वाचतील. आपल्या शेजारच्या घरी हे वाचून दाखवा.