शरीराने दिलेली साक्ष

विषाची परीक्षा करावयाची ती कारखान्याच्या हवेत की कामगाराच्या देहात, हा प्रश्न उद्योगधंद्यांच्या इतिहासात फार उशिरा विचारला गेला. बेन्झीन या द्रावकाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. मायकेल फॅरडेने 1825 मध्ये दिव्याच्या वायूच्या तेलकट अवशेषातून हा द्रव वेगळा काढला. रबर विरघळविण्याच्या कामी तो इतका सोयीचा ठरला, की टायर, पादत्राणे, छपाई अशा अनेक धंद्यांत त्याचा शिरकाव झाला. तो चटकन उडून जातो, हा त्याचा गुण. आणि उडालेला अंश काम करणाऱ्याच्या फुप्फुसात उतरतो, हा त्याचा दोष.

1897 मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे सायकलचे टायर बनविणाऱ्या कारखान्यातील तरुण कामगार स्त्रियांना विचित्र आजार जडल्याचे सांटेसन यांनी नोंदविले. त्यांपैकी चौघी दगावल्या. बेन्झीन हाडांतील मज्जेवर घाला घालते आणि रक्त निर्माण होणेच खुंटते, असा या दुखण्याचा अर्थ होता. 1928 मध्ये फ्रान्समध्ये बेन्झीन हाताळणाऱ्या एका कामगाराला रक्ताचा कर्करोग झाल्याची नोंद झाली.

रक्त तपासण्याची सोय वैद्यांजवळ होती. पण रक्तातील पेशी घटलेल्या दिसतात तेव्हा मज्जेची हानी होऊन चुकलेली असते. घर जळाल्यावर धूर मोजण्यासारखेच ते! त्याआधीचा इशारा हवा होता, आणि तो मिळण्याची वाट खरे तर जुनीच होती. शरीरात गेलेल्या बेन्झीनचा काही भाग यकृतात फिनॉल बनून मूत्रावाटे बाहेर पडतो, हे शुल्टझेन व नाउनीन या जर्मन संशोधकांनी 1867 मध्येच दाखविले होते. हे फिनॉल सल्फेटाशी जोडले जाते. साहजिकच मूत्रातील मोकळ्या, म्हणजे असेंद्रिय, सल्फेटाचे प्रमाण घटते. 1936 मध्ये अमेरिकेत यँट आणि त्यांचे सहकारी यांनी ही घट मोजून, कामगाराने किती बेन्झीन ओढले असावे याचा अंदाज घेण्याची रीत मांडली. एकाच खोलीतील दोन कामगारांपैकी जो जड काम करतो त्याचा श्वास खोल, म्हणून त्याच्या वाट्याला विषही अधिक. शिवाय काही अंश कातडीतूनही आत जातो. भिंतीवर टांगलेल्या यंत्राला हा भेद कळत नाही, मूत्राला कळतो.

मात्र ही साक्षही निर्भेळ नव्हती. आहारातील प्रथिनांमुळे निरोगी माणसाच्या मूत्रातही फिनॉल असतेच. हवेतील मर्यादा दशलक्षात 1 भागापर्यंत खाली आणल्यावर फिनॉलची खूण निरुपयोगी झाली. तेव्हा म्युकॉनिक आम्ल आठवले. याफे यांनी ते प्राण्यांच्या मूत्रात 1909 मध्येच ओळखले होते. पण कामगारांसाठी त्याचा उपयोग व्हावयास सात-आठ दशके लागली. ज्ञान असणे आणि ते कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचणे यांत एवढे अंतर पडावे, ही खेदाची गोष्ट होय.

दरम्यान माणसे मरतच होती. इस्तंबूलच्या चांभारकामात बेन्झीनयुक्त डिंक वापरणाऱ्यांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे व त्याच्या पूर्वावस्थेचे 26 रुग्ण अक्सॉय यांनी 1974 मध्ये जाहीर केले. त्यापूर्वीच, 1971 मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बेन्झीनविषयी करार करून रक्ततपासणीसह नियतकालिक वैद्यकीय तपासण्या सांगितल्या होत्या; भारताने तो 1991 मध्ये मान्य केला. तपासणीत दोष आढळला की कामगाराला हलवावयाचे आणि बाष्प तसेच ठेवावयाचे, अशी सोयीची समजूत मालकवर्गाने करून घेतली, तर या साऱ्या खटाटोपाला काय अर्थ उरतो?

पुष्कळ ठिकाणी बेन्झीनच्या जागी टोल्युईन आले. ते शरीरात हिप्युरिक आम्ल बनते. लीबिगने 1829 मध्ये हे नाव घोड्याच्या मूत्रावरून ठेवले. परंतु टिकाऊ सरबते व लोणची यांतील बेन्झोएटमुळेही हेच आम्ल वाढते, म्हणून पुढे तपासनीस ऑर्थो-क्रेसॉल, किंवा रक्तात व मूत्रात उतरलेले टोल्युईनच मोजू लागले.