दाढेची चांदी

मुंबईस नायर दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले आणि दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ साली झाला. परंतु ही व्यवस्था इतकी जुनी असूनही गुजरातच्या हद्दीला भिडलेल्या तलासरीच्या पाड्यांवरील मजुराची दवाखान्याच्या प्रत्येक खेपेस दिवसाची मजुरी बुडते, आणि म्हणून रूट कॅनाल झाल्यावर कॅप बसवून घेण्यास तो परत येईलच, असा भरवसा धरता येत नाही. अशा दाढेत जे द्रव्य भरले, तेच कित्येकदा अखेरचे. त्याच्या बळकटीचा प्रश्न येथे शहराहून अधिक निकडीचा आहे.

दाढ भरण्याचे चांदी व पारा यांचे मिश्रण १८३३ साली क्रॉकोर बंधूंनी न्यूयॉर्कला नेले, तेव्हा सोन्याचा वर्ख ठोकून दात भरणाऱ्या प्रतिष्ठितांना ते इतके निषिद्ध वाटले की, १८४५ साली अमेरिकेतील दंतशल्यविशारदांच्या संस्थेने ते न वापरण्याचे प्रतिज्ञापत्र सभासदांकडून मागितले. पाच वर्षांत ती सक्ती मागे घ्यावी लागली, आणि शतकाच्या अखेरीस ग्रीन व्हर्डिमन ब्लॅक यांनी मिश्रणाचे प्रमाण बसवून दिल्यावर हीच चांदी पुढे कित्येक दशके सामान्यांच्या दाढांत टिकून राहिली. दाब सोसण्यात ती खंबीर. मात्र दाताला ती स्वतः चिकटत नाही. १९८० साली नय्यर प्रभृतींनी तिला दाढेच्या पोकळीत व मूळनलिकांच्या तोंडाशी काही मिलिमीटर दाबून बसविण्याची जी रीत मांडली, तिचे मर्म ही उणीव भरून काढणे हेच होते. १९७२ साली प्रसिद्ध झालेले विल्सन व केंट यांचे ग्लास आयोनोमर सिमेंट दाताला आपणहून चिकटते, विजेवाचूनही भरता येते, परंतु चावण्याचा भार एकट्याने पेलण्याइतके ते बळकट नाही.

तथापि बळकटीच्या प्रश्नाचा खरा उलगडा भरावाच्या नव्हे, दाताच्या मोजमापातून झाला. रूट कॅनालने दात ठिसूळ होतो, हा समज जुना. पण १९८९ साली रीह व सहकाऱ्यांनी उपदाढांवर प्रयोग करून दाखविले की, नलिकांपर्यंत वाट पाडल्याने ताठपणा सुमारे ५ टक्केच घटतो, तर चावण्याच्या पृष्ठाची पुढची व मागची कड गेली म्हणजे तो ६० टक्क्यांहून अधिक घटतो. माझ्या मते तलासरीसारख्या ठिकाणी वैद्याने प्रथम या कडाच पाहाव्यात. त्या शाबूत असतील तर साधा भराव पुष्कळ वर्षे निभावतो, आणि गेल्या असतील तर कॅपच्या भरवशावर न राहता, दाढेचे उंचवटे त्याच बैठकीत थोडे उतरवून ते कंपोझिटने, म्हणजे दाताला चिकटवता येणाऱ्या दातरंगी राळेच्या भरावाने, झाकून टाकावेत.