कुरुक्षेत्र कोठे आहे?

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. गीता वाचली ती युनियनच्या कचेरीत, रात्री सभा आटोपल्यावर. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे: अर्जुनाचे युद्ध बाहेरचे की मनातले?

मनातले, हे उत्तर जुनेच आहे. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने सुमारे हजार वर्षांपूर्वी कुरुक्षेत्र म्हणजे देह, इंद्रियांचे क्षेत्र, असा काहींनी केलेला अर्थ नोंदून ठेवला. गांधीजींनी १८८८-८९ साली लंडनमध्ये गीता प्रथम वाचली, तेव्हाच त्यांना हे युद्ध अंतःकरणातले वाटले. त्यांचा 'अनासक्तियोग' १२ मार्च १९३० रोजी, दांडीयात्रा निघाली त्याच दिवशी, प्रसिद्ध झाला.

टिळकांचा रोख निराळा. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त त्यांनी गीतेचे तात्पर्य कर्मयोग ठरविले. त्यांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. वर्षाला एक दिवस.

माझा ओढा अर्थातच टिळकांकडे. एका टाळेबंदीत मालकांच्या माणसाने आम्हांला ऐकविले, "खरा शत्रू तुमचा लोभच." तेव्हा वाटले, हा मनातला अर्थ मालकांच्या सोयीचा आहे.

परंतु अहमदाबादचा १९१८ चा संप वाचला आणि मत बदलावे लागले. कामगार ३५ टक्के वाढ मागत होते, मालक २० टक्क्यांवर अडले होते. दिवस लोटले तसे कामगार डळमळू लागले. गांधीजींनी १५ मार्चला उपोषण आरंभिले. १८ मार्चला लवादावर तडजोड झाली, आणि पुढे लवादाने ३५ टक्केच दिले. तरीही आपल्या उपोषणाचे मालकांवर दडपण आले, हा दोष गांधीजींनी स्वतःच कबूल केला. युद्ध मनातले मानणारा हा माणूस कामगारांच्या लढ्यापासून दूर राहिला नाही, आणि लढता लढता आपल्या मनाची झडती घ्यायलाही विसरला नाही.

संप फाटकावर मोडण्याआधी माणसांच्या मनात मोडतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. घरातले धान्य संपले की रात्री जी भीती उशाशी येऊन बसते, तिच्याशी लढायला गीतेचा हा अर्थ उपयोगी पडतो. मात्र तो ज्याने त्याने स्वतःला लावावा. उपाशी माणसाला तो सांगून घरी बसवू पाहील, त्याला एवढेच विचारावे: "आपल्या मनातल्या लोभाशी आपण कधी लढलात?"