चित्रकाराचे सचित्र चरित्र : पिकासो आणि छायाचित्रग्रंथाचे मिथक

आधुनिक चित्रकाराच्या आयुष्याचा गौरव करणारा सचित्र ग्रंथ हा विसाव्या शतकाच्या मध्यास स्थिरावलेला एक वाङ्मयप्रकार आहे. समीक्षेने त्याची गंभीरपणे दखल क्वचितच घेतली. हे ग्रंथ चाळायचे असतात, वाचायचे नसतात, असा समज त्यामागे असावा. कलावंत म्हणजे कोण, याविषयीची सर्वसामान्य रसिकाची कल्पना मात्र मीमांसेच्या ग्रंथांपेक्षा या चाळण्याच्या पुस्तकांनीच अधिक घडवली आहे.

पाब्लो पिकासो १९५६ मध्ये पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्या निमित्ताने लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेंपररी आर्ट्स या संस्थेत भरलेल्या प्रदर्शनाबरोबर रोलंड पेनरोज यांचे ‘पोर्ट्रेट ऑफ पिकासो’ हे छायाचित्रमय चरित्र प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, डेव्हिड डग्लस डंकन यांचे ‘द प्रायव्हेट वर्ल्ड ऑफ पाब्लो पिकासो’ आले. कोरियन युद्धाची छायाचित्रे टिपून नावारूपास आलेला हा छायाचित्रकार आता कान शहरातील ‘ला कालिफोर्नी’ या बंगल्यात वावरत होता. त्याची आणि पिकासोची पहिली भेट झाली तेव्हा चित्रकार न्हाणीघरात टबमध्ये बसलेला होता. ‘खासगी जग’ या शीर्षकाला याहून अनुरूप प्रवेशद्वार सुचणे कठीण.

या प्रकाराची वंशावळ जुनी आहे. ज्योर्जो व्हाझारी याने १५५० मध्ये कलावंतांची चरित्रे प्रसिद्ध केली आणि १५६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांना काष्ठमुद्रित व्यक्तिचित्रांची जोड दिली. म्हणजे चरित्र आणि चेहरा यांची सांगड तेव्हाच पडली होती. एर्न्स्ट क्रिस आणि ऑटो कुर्झ या व्हिएन्नातील अभ्यासकांनी १९३४ मध्ये दाखवून दिले की, कलावंतांविषयीच्या आख्यायिका व्यक्तिगत भासल्या तरी त्यांचे साचे ठरलेले असतात. मेंढ्या राखणाऱ्या जोत्तोचे रेखाटन पाहून चिमाब्यूए थक्क होतो. मुलाने रंगवलेली कबुतरे पाहून पिकासोचे वडील आपले रंग आणि कुंचले त्याच्या हाती देऊन चित्रकला सोडतात. वडिलांची त्यानंतरच्या काळातील चित्रे उपलब्ध आहेत, ही वस्तुस्थिती दुसऱ्या कथेच्या लोकप्रियतेला बाधक ठरलेली नाही. आख्यायिकेला पुराव्याची नव्हे, पुनरावृत्तीची गरज असते.

छायाचित्राने या साच्यात मूलगामी बदल केला. आख्यायिका ऐकणारा निदान शंका घेऊ शकतो. छायाचित्र पाहणाऱ्याला आपण प्रत्यक्ष साक्षीदार आहोत असे वाटते. डंकन यांनी १९५७ मध्ये टिपलेली एक मालिका प्रसिद्ध आहे. पिकासो माशाचा काटा बोटांत धरून शेवटचा कण चोखतो आहे. पुढे तोच काटा ओल्या मातीत दाबला जातो आणि तबकडीवर त्याचा ठसा उमटतो. जेवणे आणि निर्मिणे यांत येथे अंतरच उरत नाही. हा माणूस ज्याला स्पर्श करतो त्याची कला होते, हे विधान शब्दांत मांडले असते तर अतिशयोक्त ठरले असते. छायाचित्रांच्या क्रमाने ते सिद्ध झाल्यासारखे वाटते.

‘मायथॉलॉजीज’ (१९५७) या पुस्तकात रोलाँ बार्थ यांनी सुट्टीवर गेलेल्या लेखकाच्या वृत्तपत्रीय प्रतिमेचे विश्लेषण केले आहे. लेखकाचे सामान्य, घरगुती रूप दाखवल्याने त्याच्याभोवतीचे गूढ उणावत नाही, उलट वाढते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. टबमधल्या पिकासोला तो तंतोतंत लागू पडतो. कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह मर्ढेकरांपासून ऐकत आलेल्या मराठी समीक्षेला चरित्राचे हे आक्रमण नवे नाही. नवे आहे ते त्याचे साधन. येथे चरित्र कलाकृतीचे स्पष्टीकरण म्हणून येत नाही, तेच कलाकृतीची जागा घेते. जॉन बर्जर यांनी १९६५ मध्ये पिकासोच्या यशाची चिकित्सा करताना व्यक्तीची कीर्ती कृतींवर मात करते, या मुद्द्यावर दिलेला भर या ग्रंथांच्या पार्श्वभूमीवर अधिक उमगतो.

छायाचित्र स्वतःहून किती बोलते, हा यातला खरा प्रश्न आहे. रॉबर्ट कापा यांनी १९४८ मध्ये गोल्फ-जुआनच्या किनाऱ्यावर घेतलेल्या छायाचित्रात फ्रांस्वाज जिलो हसत पुढे चालते आहे आणि मागून पिकासो तिच्यावर भलीमोठी छत्री धरून येतो आहे. राणी आणि तिचा छत्रधारी सेवक, असे त्याचे वाचन सहज होते. १९५३ मध्ये जिलो पिकासोला सोडून गेली. १९६४ मध्ये कार्लटन लेक यांच्या साहाय्याने तिने आपल्या सहजीवनाचे वृत्तांतकथन प्रसिद्ध केले, तेव्हा पिकासोने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली; ती निष्फळ ठरली. कॅमेऱ्याला न्हाणीघरापर्यंत मुभा देणाऱ्या या कलावंताला एका स्त्रीचे शब्द मात्र सोसवले नाहीत, ही विसंगती केवळ स्वभावदोषाची नाही. कॅमेऱ्यासमोर तो आपल्या प्रतिमेचा सहनिर्माता होता. जिलोच्या संहितेत तो पात्र झाला. ते पुस्तक वाचून छत्रीच्या छायाचित्राकडे परतणाऱ्याला त्यातला छत्रधारी अभिनेता दिसू लागतो.

जे दिसत नाही त्याला या ग्रंथप्रकारात स्थान मिळणे अवघड. हंगेरीतील घटनांनंतर, नोव्हेंबर १९५६ मध्ये, पिकासोने फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाकडे खुलासेवार चर्चेची मागणी करणाऱ्या पत्रावर इतरांसमवेत सही केली होती. सहीचे छायाचित्र काढता येते, सही करण्यापूर्वीच्या द्विधेचे काढता येत नाही.

आणि तरीही याच बंगल्यात, ऑगस्ट ते डिसेंबर १९५७ या काळात, व्हेलास्केझच्या ‘लास मेनिनास’वरील चित्रमालिका रंगवली गेली. राजदरबारातील चित्रकाराने स्वतःलाच चित्रात उभे केले, असा मूळ चित्राचा विषय. पिकासोच्या पहिल्या, विशाल, करड्या चित्रात तो चित्रकार छताला भिडण्याइतका वाढलेला आहे, आणि मूळच्या भारदस्त कुत्र्याच्या जागी डंकन यांनीच त्या घरात आणलेला डॅशहुंड, लम्प, येऊन बसला आहे. छायाचित्रकार खाली चित्रकाराची प्रतिमा उभारत असताना वरच्या मजल्यावर चित्रकार त्याच उद्योगाचे, त्याच कुत्र्यासह, भाष्य लिहीत होता. दोहोंपैकी कोणती संहिता अधिक निर्दय आहे, हे त्या अवाढव्य, विदीर्ण चित्रकाराकडे पाहून ठरवता येते.